बेचाळीस घरांची काठी

माझ्या व्याह्यांइतका धुराचा दुस्वास करणारा माणूस अख्ख्या विदर्भात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो ह्यांच्याच हाताखाली तयार झालेला निघेल. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. इवाई म्हटला की मानपान आला, आहेर आला, रुसवेफुगवे आले, पानात आग्रहाची पुरणपोळी आली. त्यातून मी मुलाचा बाप, म्हणजे रुसण्याचा पहिला हक्क माझा. विमा कार्यालयात तेहतीस वर्षं टेबलामागे बसून मी निवृत्त झालो. त्या काळात कुणावर रुसायची सोय नव्हती, तेव्हा सगळी हौस मुलाच्या लग्नात भागवून घ्यायची असं मी मनाशी ठरवलं होतं. पण इवाई असे मिळाले की त्यांच्यापुढे रुसायला सवडच होत नाही. नंदनवनातल्या आमच्या घरी ते आले की चपला काढायच्या आधी उंबऱ्यावर उभे राहून नाक वर करतात. देवघरातली उदबत्ती त्यांना जिन्यातच कळलेली असते. ती देवाची म्हणून तिला माफी मिळते, पण ती विझेपर्यंत त्यांचं अर्धं लक्ष तिच्याकडे असतं. एकदा भर जेवणात ते वरणभाताच्या पानावरून उठले आणि खाली गेले. आमच्या इमारतीचा चौकीदार कुंपणाशी पाचोळा पेटवून बसला होता. इवायांनी त्याच्याच बादलीनं तो विझवला, मग त्याच्या शेजारी उकिडवं बसून अर्धा तास त्याला पाचोळ्याचं खत कसं होतं ते समजावलं, आणि वर येऊन गार भात मुकाट्यानं संपवला. तेव्हापासून इवाई फाटकात दिसले की चौकीदार आधी खिशातली माचिस झुडपामागे ठेवतो आणि मग सलाम करतो.

त्यांची दुसरी खोड म्हणजे सभा. दोन माणसं एका ठिकाणी बसली की इवायांना तिथे सभा दिसते. आमच्या मुलाचं लग्न जमवायला आम्ही पहिल्यांदा त्यांच्या गावी गेलो, तेव्हा मी ठेवणीतला कोट घालून गादीवर बसायच्या तयारीत होतो. गादी नव्हतीच. अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या आणि सगळ्यांनी गोल बसायचं होतं, कारण गोलात कोणी पुढे नसतं आणि कोणी मागे नसतं, असं त्यांनी मला हाताला धरून बसवताना सांगितलं. नंतर त्यांनी बाया मोजल्या. निम्म्या भरेनात म्हणून स्वयंपाकघरातून विहिणबाईंना आणि शेजारच्या दोघींना बोलावून आणलं, आणि त्या येईपर्यंत बोलणी तहकूब ठेवली. आमच्या मंडळींना ह्या प्रकारात इतकी गोडी वाटली की परतीच्या वाटेवर तिनं मला आपल्या घरातही अशी सभा सुरू करायची सूचना केली. शेवटी इवायांनी एक जाडजूड रजिस्टर काढलं आणि मुलगी देण्याचा ठराव मोठ्यानं वाचला. नवरीला तिचं मत विचारलं, ती लाजून हो म्हणाली, तर ते म्हणाले, "मोठ्यानं सांग, सभेले ऐकू आलं पाह्यजे." ठरावाखाली मी सही केली. माझ्या लग्नातसुद्धा माझी सही कोणी घेतली नव्हती.

मुहूर्त गोरज असावा, एवढा एकच आग्रह त्यांनी धरला. मुलीकडच्यांनी काही मागावं ही गोष्टच मला नवीन होती, त्यामुळे मी उदार मनानं कबूल करून टाकलं. त्यामागचं कारण मला पुढे कळलं.

गाव उमरेडच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत. बेचाळीस घरं, एक शाळा, एक तळं, आणि गावाच्या पाठीशी टेकडी. टेकडीवर साग आहे, तेंदू आहे, पळस आहे, पण गावाचा जीव अडकलाय तो मोहात. चैत्रात पहाटे मोहाची फुलं टपटप गळतात. ती वेचायची, वाळवायची, विकायची, ह्यावर बऱ्याच घरांचा अर्धा उन्हाळा निघतो. आता झाडाखाली जर वीतभर पाचोळा असेल तर फुलं त्यात हरवतात. म्हणून आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. काडी एका झाडाखाली लावलेली असते, पण विस्तव काही झाड ओळखत नाही. तो पानापानांनी सरकतो आणि संध्याकाळपर्यंत टेकडी धरतो. दर उन्हाळ्यात टेकडी जळायची, कोवळी रोपं जायची, आणि गाव म्हणायचं, चालायचंच.

मग नागपूरच्या एका संस्थेची माणसं गावात आली. त्यांच्यातली एक तरुण मॅडम स्कूटरवरून यायची आणि पहिले कित्येक महिने नुसतं ऐकायची, त्यामुळे ती काही विकायला आली नाही एवढी गावाची खात्री पटली. हळूहळू कामं सुरू झाली. टेकडीवर ग्रामसभेचा हक्क लागावा म्हणून कागद तयार झाले. घरोघरी गॅस आला, म्हणजे सरपणाच्या मोळ्या कमी झाल्या. टेकडीभोवती पाचोळा झाडून रुंद पट्टा काढायचं ठरलं, म्हणजे आग आली तरी तिथे अडावी. सगळ्यांचा मोह एकत्र विकायची सोय लागली. आणि मोहाखाली पसरायला हिरव्या जाळ्या मिळाल्या. झाडाखाली जाळी बांधली की फुलं तिच्यावर पडतात, माती लागत नाही, पाचोळा आपला खाली पडून राहतो आणि काडी लावायचं कारणच उरत नाही. आमचे इवाई आधी म्हणे ह्या सगळ्याच्या विरोधात होते. शहरातले लोक आम्हाला पानं झाडायला शिकवून राहिले, असं ते पारावर बसून म्हणायचे. ते एकाएकी कसे फिरले आणि टेकडी राखायच्या समितीचे अध्यक्ष कसे झाले, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. विचारलं की ते टेकडीकडे बघत आणि विषय बदलत.

जाळ्या वाटल्या त्या वर्षी जे झालं, ते मात्र इवाई स्वतःच रंगवून सांगतात. हातात फुकटची, मजबूत, हिरवी जाळी आल्यावर गावाला तिचे शंभर उपयोग सुचले. एकानं तिच्यात कोंबड्या कोंडल्या. एकानं माकडांपासून वांग्याची वाडी झाकली. पोरांनी व्हॉलीबॉल सुरू केला. एका घरी बारशाचा मांडवच तिचा घातला आणि पाहुण्यांमध्ये मॅडम येऊन बसल्या, त्यांनी वर बघितलं आणि चहा न पिताच बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी घरोघर धाड घातली. ज्याच्याकडे जाळी भलत्या कामाला सापडेल त्यानं दुसऱ्याच्या मोहाखालचा पाचोळा हातानं झाडायचा, असा दंड ठरला होता. एकेचाळीस घरं तपासून इवाई विजयी मुद्रेनं आपल्या घरी आले, तर माडीवर त्यांच्याच जाळीवर विहिणबाईंच्या कुरडया वाळत होत्या. अख्खं गाव मागे उभं होतं. इवाई कोपऱ्यातला खराटा उचलून निघाले. विहिणबाई अजून म्हणतात की त्या वर्षीसारख्या पांढऱ्याशुभ्र कुरडया पुन्हा झाल्या नाहीत.

आता काठीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. काठी बांबूची, पुरुषभर उंच, टोकाला लाल रंग. ती रोज संध्याकाळी एका दारातून पुढच्या दारात जाते. ज्याच्या दारात काठी, त्या घरचं एक माणूस दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत टेकडीवर फिरणार. बाई असो, बाप्या असो, चालतं. फक्त माणूस घरचं पाहिजे, पैसे देऊन पाठवलेला गडी चालत नाही. बरोबरच्या रजिस्टरात नाव लिहायचं, घराशी नातं लिहायचं, आणि संध्याकाळी काय पाहिलं ते लिहायचं. सगळ्यात मोठा नियम असा की काठी घर गाळत नाही. एखाद्या घरचं कोणी गेलंच नाही, तर काठी त्याच दारात उभी राहते आणि तोवर टेकडी उघडी पडते. शेजाऱ्यानं परस्पर उचलायची नाही, कारण एकदा का "माझ्या वतीनं तू जा" सुरू झालं की महिन्याभरात दोन गरीब घरं फिरत राहतील आणि चाळीस घरं झोपतील. हा नियम इवायांनीच मांडला होता आणि त्यावर तीन सभा झाल्या होत्या.

लग्नाच्या दिवशी दुपारी आमचं वऱ्हाड गावात पोचलं, तर सामोरे यायला नवरीचा बाप नाही. विहिणबाईंनी ओवाळलं, सरबत दिलं, पण इवाई कुठे आहेत ते कोणी धड सांगेना. आमच्या मेहुण्यांनी हा सरळसरळ अपमान असल्याचं जाहीर केलं. मला आतून फार बरं वाटलं. इतक्या वर्षांची रुसायची संधी आयती चालून आली होती. मी जानवशात भिंतीकडे तोंड करून बसलो आणि कोणी समजूत काढायला आलं तर काय काय बोलायचं ह्याची उजळणी करू लागलो. ऊन उतरलं, गाईगुरं परतायला लागली, आणि टेकडीच्या पायवाटेनं इवाई उतरताना दिसले. नेसलेलं नवं कोरं धोतर, डोक्याला गुलाबी फेटा, फेट्यात दोन वाळकी पानं, धोतराला कुसळं आणि हातात लाल टोकाची काठी. आदल्या संध्याकाळी काठी नवरीच्या दारात आली होती. तारीख आमच्या गुरुजींनी काढलेली, ती त्यांना मोडायची नव्हती, म्हणून त्यांनी बोटांवर घरं मोजून मुहूर्त तेवढा गोरज मागून घेतला होता. कपडे बदलायला वेळ मिळणार नाही म्हणून पहाटेच नवरीच्या बापाचा पोशाख करून ते जंगलात गेले होते. खाली येताच त्यांनी काठी पुढच्या घरी पोचवली आणि मग माझी गळाभेट घेतली. घेतानाच त्यांचं नाक हललं. माझ्या मेहुण्यांच्या खिशात विडीचं बंडल होतं. पाच मिनिटांत एक परात फिरली आणि वऱ्हाडातल्या सगळ्या माचिसा तिच्यात जमा झाल्या. मी रुसलो होतो हे सांगायचं राहूनच गेलं. नंतर होमाला बसलो, तर इवाई एका हातानं कन्यादानाचे विधी करत होते आणि दुसऱ्या हाताशी पाण्याची बादली आणि पळसाची ओली फांदी ठेवली होती. गुरुजींनी समिधा जरा जास्त घातल्या की ते फांदीकडे हात नेत. इतक्या घाईनं उरकलेला होम मी दुसरा पाहिलेला नाही.

पुढच्याच्या पुढच्या वर्षी आम्हाला नात झाली. फाल्गुन सरत आला होता. बारशाला इवाई आणि विहिणबाई नागपूरला आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इवाई आमच्या न्हाणीघरात पडले. ज्या माणसानं आयुष्य अस्वलांच्या वाटेवर काढलं, तो नंदनवनात फरशीवरून घसरला. फरशी मी निवडली होती. ती गुळगुळीत आहे, असं आमची मंडळी दुकानातच म्हणाली होती आणि मी तिला चकाकीचं महत्त्व सांगितलं होतं. पाय मोडला, प्लास्टर झालं, दीड महिना हलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. इवायांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली, आणि मोजता मोजता त्यांचा चेहरा उतरला. चौथ्या दिवशी संध्याकाळी काठी त्यांच्या दारात येणार होती.

गावातलं त्यांचं घर बंद होतं. विहिणबाई एका खोलीत बाळबाळंतीण आणि दुसऱ्या खोलीत हे, अशा दोन आघाड्यांवर लढत होत्या. आमच्या मुलानं सुचवलं की शेजाऱ्यांना फोन करावा, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. इवाई त्याच्यावर रागावले नाहीत, जावई म्हणून त्याला त्यांनी नेहमीच झुकतं माप दिलं. पण त्यांनी जेवण कमी केलं. भिंतीकडे पाहत पडून राहायचे. संस्थेच्या कामाची मुदत त्याच वर्षी संपली होती. होळीच्या आधी मॅडमनी निरोपाची सभा घेतली होती, आता तुमचं तुम्ही सांभाळा असं सांगून पाळ्यांचे आणि हिशेबाचे सगळे तक्ते गावाच्या हवाली केले होते, आणि स्कूटर सुरू करताना त्या रडल्या होत्या. आता मोहाचा हंगाम सुरू होत होता. जाळ्या जुन्या होऊन ठिकठिकाणी फाटल्या होत्या. मॅडम गेल्यावर हे टिकतं का, ह्यावर पारावर पैजा लागल्या होत्या. चौथ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेलो, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अध्यक्षाच्याच दारात काठी अडली, तं उद्या कोनाच्याही दारात अडन. मंग कोनाले काय सांगू मी?" त्यांचे डोळे भरून आले होते. फेटा बांधलेला, सभा चालवणारा, आमच्या चौकीदाराचा कर्दनकाळ असा तो माणूस माझ्या चकाकणाऱ्या फरशीपायी असा पडलेला मला बघवेना. मी खोलीतून बाहेर आलो, विहिणबाईंकडून गावच्या घराची किल्ली मागून घेतली, पिशवीत एक सदरा आणि टोपी टाकली आणि मंडळींना म्हणालो, मी जाऊन येतो. तिनं कुठे असं विचारलं नाही. तिनं पिशवीत दुपट्टा कोंबला आणि ऊन फार आहे म्हणाली.

एसटीनं उमरेड, तिथून काळीपिवळी, आणि शेवटी पायी, असा मी दिवेलागणीच्या सुमारास इवायांच्या दारात पोचलो. कुलूप उघडतोय तोच शेजारच्या वच्छलाबाई काठी आणि रजिस्टर घेऊन आल्या. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, अंगानं काटक. त्या दिवशीची फेरी त्यांचीच होती. आल्या त्या बहुधा काठी बंद दाराला टेकवायला, आणि दारात माणूस पाहून थबकल्या. मी सगळा प्रकार सांगितला आणि रजिस्टर घेऊन सही केली. घराशी नातं ह्या रकान्यात मी 'इवाई' असं लिहिलं. वच्छलाबाईंनी ते कंदिलासारखं वर धरून वाचलं.

"तुमी तं इवाई. इवाई म्हंजे पाव्हना," त्या म्हणाल्या. "पाव्हन्याले काठी देत नाही आमी. घरचंच मानूस लागते."

तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी कागदावर एकदाही खाडाखोड केली नव्हती. त्या संध्याकाळी केली. 'इवाई' खोडलं आणि त्याच्यापुढे 'घरचा' असं लिहिलं. वच्छलाबाईंनी पुन्हा वाचलं, माझ्या बुटांकडे पाहिलं, आणि काठी माझ्या हातात दिली.

टेकडी खालून दिसते त्यापेक्षा बरीच मोठी आहे, हे मला पहाटे अर्ध्या तासात कळलं. वर सगळं गाव हजर होतं. जो तो आपापल्या मोहाखाली जाळीवरची फुलं गोळा करत होता, आणि माझ्याकडे बघून हसत होता, पण ते हसणं वाईट नव्हतं. एकीनं मला मूठभर ताजी फुलं खायला दिली, एकानं पाणी दिलं, एकानं अस्वल समोर आलं तर पळू नका असं सांगितलं आणि पुढे काय करायचं ते न सांगताच तो निघून गेला. ऊन तापलं तशी माणसं उतरली. दुपारी तीनच्या सुमारास टेकडीवर मी, माझी काठी आणि मंडळींचा दुपट्टा एवढेच उरलो होतो. पायांना फोड आले होते. तेवढ्यात वरच्या अंगाच्या एका मोठ्या मोहाखाली कोणीतरी वाकलेलं दिसलं. वच्छलाबाई होत्या. त्यांनी झाडाखालचा पाचोळा मधोमध ढिगानं सारला होता आणि मुठीत माचिस होती. कालची राखणदार आज काडी घेऊन उभी होती.

अशा वेळी काय करायचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. इवाई असते तर त्यांनी सभा बोलावली असती. मी नुसताच समोर जाऊन उभा राहिलो. वच्छलाबाईंनी माचिस लपवली नाही. त्यांनी मला बाजूला गुंडाळून ठेवलेली जाळी दाखवली, ती आरपार फाटली होती. नवी आता कोण देणार, आणि एकटीनं एवढा पाचोळा झाडून पाठ राहते का, असं त्यांनी विचारलं. मग त्या झाडाला पाठ टेकून बसल्या आणि त्यांनी मला ती गोष्ट सांगितली जी इवायांनी कधी सांगितली नव्हती.

"माहा मोह तिकडे होता, नाल्यावर," त्या म्हणाल्या. "तुमच्या इवायानं आपल्या झाडाखाली काडी लावली, आग तिकडे गेली अन्‌ माहा मोह जळला. माह्या सासूच्या हातचं झाड. त्या दिवशी ते माह्या दारात येऊन बसले, उठेचना. मंग हा मोह देल्ला मले त्यायनं. आपल्या चांगल्यातला चांगला." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "अन्‌ आज मीच त्याखाली काडी लावून राहिली."

मी काठी झाडाला टेकवली. आसपास खराटा नव्हता म्हणून पळसाच्या दोन डहाळ्या मोडल्या, एक त्यांना दिली आणि एक घेऊन पाचोळा बाहेरच्या अंगाला ढकलायला लागलो. मला घरी खोली झाडायची सवय नाही. माझा पाचोळा वाऱ्यानं परत येत होता आणि वच्छलाबाईंना हसू येत होतं. वारं पाठीशी घ्यायचं असतं एवढी साधी गोष्ट त्यांनी मला तीनदा सांगितली. ऊन कललं तेव्हा झाडाखाली अंगणासारखी स्वच्छ जागा झाली होती, माझ्या तळहातांची साल निघाली होती, आणि फाटक्या जाळीला आम्ही दोघांनी पळसाच्या सालीच्या दोरीनं कसेबसे टाके घातले होते. निघताना वच्छलाबाईंनी माचिस माझ्या हातावर ठेवली. चहा आता गॅसवरच होतो आणि त्याला लायटर आहे, असं त्या म्हणाल्या.

दिवेलागणीला मी काठी पुढच्या दारात दिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरला पोचलो. इवाई उशीला टेकून बसले होते. त्यांनी माझा सदरा जवळ ओढून हुंगला. मग चौकशी सुरू झाली. नाल्यापर्यंत गेलो होतो का, झाडलेल्या पट्ट्यावर नवा पाचोळा पडलाय का, वरच्या अंगाला किती जण होते. मी खिशातून माचिस काढून त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी उघडली, काड्या पाहिल्या, एकही ओढलेली नव्हती. "वच्छलाबाईची," ते म्हणाले. मी मान हलवली. तिकडे गावातून कोणीतरी रजिस्टरच्या पानाचा फोटो आमच्या सुनेच्या फोनवर पाठवला होता. तो त्यांनी मागवून घेतला, बोटांनी मोठा केला आणि नात्याच्या रकान्यातल्या खाडाखोडीवर बोट ठेवलं. संध्याकाळी त्यांनी दोन वेळा भात मागून घेतला, आणि रात्री उदबत्तीकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

ह्या गोष्टीला आता दोन उन्हाळे झाले. त्या वर्षी टेकडी जळली नाही, पुढच्याही वर्षी नाही. मोहाच्या विक्रीतून ग्रामसभेनं नव्या जाळ्या घेतल्या, आणि मॅडमना फोन करून हे सांगायचा ठराव एकमतानं मंजूर झाला. इवायांचा पाय जुळला, पण चढण चढायची नाही असं डॉक्टरांनी कायमचं सांगितलंय. मग एका पाळीला विहिणबाई जातात आणि एका पाळीला मी. आदल्या दिवशी सकाळी फोन वाजतो आणि पलीकडून "काठी येऊन राहिली" एवढंच ऐकू येतं. आमची मंडळी तोवर दुपट्टा काढून ठेवते. न्हाणीघरातली फरशी मी बदलून टाकली आहे.

पहाटे इवाई माझ्याबरोबर टेकडीच्या पायथ्याच्या दगडापर्यंत येतात. तिथून पुढे चढ लागतो. एका हातात त्यांची स्वतःची, डॉक्टरांनी दिलेली काठी असते. ते दगडावर बसतात आणि मला नुसतं "जा" म्हणतात. दिवसभर ते तिथेच असतात, विहिणबाई डबा तिथेच आणून देतात. मोकळ्या जागेवर आलो की मी खाली पाहतो. एवढासा ठिपका दिसतो, तोंड टेकडीकडे केलेलं. नाक वर आहे की नाही ते एवढ्या लांबून कळत नाही, पण असणारच. ज्या झाडांना ते नावानं ओळखतात, ती आता त्यांना खालूनच बघावी लागतात, ह्याचं मला फार वाईट वाटतं, आणि हे त्यांच्यापुढे बोलायची सोय नसते. संध्याकाळी उतरलो की ते आधी माझा सदरा हुंगतात. "धूर नाही," असं स्वतःशीच म्हणतात. मग माझ्या हातातली लाल टोकाची काठी घेतात. पुढचं घर तिथून पन्नासेक पावलांवर आहे. तेवढी मात्र ती काठी ते मला नेऊ देत नाहीत. एका हातात डॉक्टरांची काठी आणि दुसऱ्या हातात गावाची, असे ते हळूहळू चालत जातात, आणि मी त्यांच्या मागून, पाय दुखतोय असं सांगून, त्यांच्याहून सावकाश चालतो.